शीत प्रदेशातील चारागवतांची वाढप्रतिमाने

तापमान, प्रकाश, पाणी व नत्र यांच्या नोंदींवरून कुरणाचे उत्पादन, चाऱ्याची पौष्टिकता आणि हिवाळ्यात तगणारे फुटवे यांचा अंदाज बांधणारी गणिती मांडणी. नॉर्वे, स्वीडन, फिनलंड व पूर्व कॅनडा येथे ती मुख्यतः टिमोथी (फ्लीअम प्रटेन्सी) या बहुवर्षायू गवतासाठी विकसित झाली.

या परंपरेचा आरंभ सहसा नेदर्लंड्समधील लिंग्रा (1998) या रायगवतासाठीच्या प्रतिमानापासून धरतात. लिंग्राचा गाभा मात्र बटाट्यासाठी 1990च्या सुमारास वापरलेल्या लिंटल पद्धतीतून (पिकाने अडवलेल्या प्रकाशावरून वाढ काढणारी पद्धत) आला असल्याने उगम तेथवर मागे नेणे अधिक सयुक्तिक दिसते. पुढे लिंग्रा टिमोथीसाठी बदलून घेण्यात आले (2001). त्याच धाग्यातून नॉर्वेत बासग्रा उभे राहिले. कॅनडातील काटिमो (2002) हे उत्पादनासोबत पौष्टिकताही वर्तविते.

टिमोथीचे वेगळेपण कापणीनंतर कळते. लांबलेल्या कांड्यांबरोबर वाढबिंदूही कापला जातो आणि पुढची वाढ नव्या फुटव्यांवर अवलंबून राहते. म्हणून बासग्रात फुटव्यांचे तीन गट आहेत : शाकीय (केवळ पाने धरणारे), फुलोऱ्याकडे वळलेले पण न लांबलेले, आणि लांबणारे.

उष्णतामान अंश-दिवसांत (आधार-तापमानाहून रोजचे सरासरी तापमान जितके अंश जास्त, त्यांची बेरीज) मोजताना आधार 0° से. धरावा की 5° से., याबाबत एकवाक्यता नाही. फिनलंडच्या कृषिहवामानशास्त्रात 5° रूढ आहे. परंतु बर्फ वितळताच सुरू होणारी मंद वाढ त्यात गळते.

खरी कसोटी हिवाळ्याची. निम्मी रोपे ज्या तापमानाला मरतात ते तापमान (एलटी-50) स्थिर नसते. शरद ऋतूत रोपे थंडीला सरावतात तसे ते खाली उतरते, उबेत पुन्हा वर चढते. नॉर्वेतील टिमोथीसाठी हा चढउतार 2010 मध्ये समीकरणांत मांडला गेला. हिमाचा भुसभुशीत थर जमिनीला ऊब देतो. हिवाळ्यातील पावसानंतर तोच गोठून घट्ट झाला की प्राणवायू अडतो, आणि कडाक्याची थंडी नसतानाही रोपे गुदमरतात. म्हणून केवळ हवेच्या तापमानावर बेतलेल्या प्रतिमानावर हिवाळ्यापुरते विसंबणे धोक्याचे. हिम, भूतुषार (जमिनीतील गोठण) व पृष्ठीय बर्फ यांचा हिशेब स्वतंत्रपणे ठेवणारी मांडणी श्रेयस्कर.

बासग्रा, काटिमो आणि फ्रान्समधील स्टिक्स हे पीक-प्रतिमान यांची टिमोथीवरील तुलना 2018 मध्ये प्रसिद्ध झाली. मिश्र कुरणे, विशेषतः गवतासोबत लाल क्लोव्हर (शेंगवर्गीय चारापीक), यांसाठी असे काम तुलनेने विरळ आहे.