वाळवंटातलं ‘सभ्य’ युद्ध आणि वार्तापटांचा कॅमेरा

दुसऱ्या महायुद्धातली उत्तर आफ्रिकेची लढाई आजही अनेकांना दोन सेनापतींमधली सभ्य झुंज वाटते. ही समजूत घडवण्यात थिएटरमध्ये दाखवल्या जाणाऱ्या वार्तापटांचा मोठा हात आहे.

डिसेंबर १९४० पासून ब्रिटिश आणि भारतीय फौजांनी इटालियन सैन्याची दाणादाण उडवली. इटली या मित्राला सावरायला फेब्रुवारी १९४१ मध्ये जर्मन सेनापती रोमेल लिबियातल्या त्रिपोलीत उतरला. हाताशी रणगाडे थोडेच होते, म्हणून त्याने फोक्सवॅगन गाड्यांवर रणगाड्यांचे खोटे सांगाडे चढवून घेतले. अशा देखाव्याची जाण असलेला सेनापती हिटलरचा प्रचारमंत्री गोबेल्स याच्या खात्याला हवाच होता. जर्मनीत जून १९४० पासून सगळ्या वार्तापटांचा मिळून एकच सरकारी वार्तापट निघत होता. त्याचं चित्रण करायला गणवेशातले कॅमेरामन थेट आघाडीवर असत. टोपीवर ब्रिटिशांकडून हस्तगत केलेला गॉगल चढवलेला रोमेल लवकरच घराघरांत ओळखीचा झाला.

वाळवंट प्रचाराला फार सोयीचं ठरलं. पडद्यावर फक्त धूळ, रणगाडे आणि क्षितिज. लिबियात कुणी राहतच नाही असं वाटावं. प्रत्यक्षात १९४२ मध्ये इटालियन सत्तेने सायरेनेका या पूर्व लिबियातल्या प्रांतातल्या सुमारे २,६०० ज्यूंना गियाडोच्या छावणीत डांबलं. त्यातले ५६२ जण उपासमारीने आणि टायफस या तापाच्या साथीने मेले. ‘सभ्य युद्ध’ हा शब्दप्रयोग ऐकला की मला हा आकडा आठवतो.

२१ जून १९४२ ला लिबियातलं तोब्रुक बंदर जर्मनांच्या हाती पडलं आणि ब्रिटिश बाजूचे सुमारे ३३,००० सैनिक कैद झाले. दुसऱ्याच दिवशी रोमेल फील्ड मार्शल झाला. तोब्रुकच्या आग्नेय बाजूला अकरावी भारतीय ब्रिगेड होती आणि २० जूनच्या सकाळी जर्मनांचा पहिला घाव बसला तो पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या दुसऱ्या बटालियनवर. बर्लिनला जो विजयाचा सोहळा होता, तो या मराठी सैनिकांच्या घरी कैदेची बातमी होऊन पोचला. कैद्यांचाही प्रचाराला उपयोग होताच: आफ्रिकेत पकडलेल्या काही भारतीयांना आधीच जर्मनीत नेलं होतं आणि त्यांच्यातूनच जर्मनीच्या बाजूने लढायच्या भारतीय सैन्यदलाची भरती सुरू झाली.

त्याच सुमारास इटलीचा हुकूमशहा मुसोलिनी इजिप्तमधल्या विजयसंचलनासाठी लिबियात जाऊन बसला आणि जवळपास तीन आठवड्यांनी हात हलवत परतला. इंधनाचा तुटवडा, भूमध्य समुद्रात बुडणारी रसदीची जहाजं यांना पडद्यावर जागाच नव्हती. ३ ऑक्टोबरला रोमेल बर्लिनमध्ये पत्रकारांना इजिप्तचं दार आपल्या हातात असल्याचं सांगत होता. २३ ऑक्टोबरला इजिप्तमध्ये एल अलामेनला ब्रिटिशांचा हल्ला सुरू झाला तेव्हा तो ऑस्ट्रियात उपचार घेत होता.

जर्मनांच्या या प्रचाराला ब्रिटिशांनी उत्तर दिलं ते ‘डेझर्ट व्हिक्टरी’ने. मार्च १९४३ मध्ये आलेला हा लष्कराच्या चित्रीकरण विभागाचा माहितीपट ऑस्कर घेऊन गेला. त्यासाठी कॅमेरामननी जीव धोक्यात घातले, काहींनी तो गमावलाही. तरी रात्रीच्या चढाईची काही दृश्यं इंग्लंडमध्ये पाइनवूड स्टुडिओत उभी केलेली आहेत आणि पुढे अनेक माहितीपटांत ती खरी म्हणून वापरली गेली. अशी चित्रफीत बघताना एवढं जरूर तपासावं: सैनिक कॅमेऱ्याच्या दिशेने धावत येत असतील, तर कॅमेरा शत्रूच्या बाजूला गेला कसा?

भारतात या प्रचाराचा कारभार मुंबईतून चाले. १९४० मध्ये फिल्म ॲडव्हायझरी बोर्ड हे सरकारी मंडळ स्थापन झालं, व्ही. शांताराम काही काळ त्याचे मुख्य निर्माते होते. १९४३ मध्ये इन्फर्मेशन फिल्म्स ऑफ इंडिया ही सरकारी संस्था आणि ‘इंडियन न्यूज परेड’ हा वार्तापट सुरू झाला. लोक आपणहून बघतील याचा भरवसा नसावा, कारण भारत संरक्षण नियमांखाली प्रत्येक खेळाला सरकारमान्य २,००० फूट फिल्म, म्हणजे वीसेक मिनिटं, दाखवणं थिएटरवाल्यांना बंधनकारक झालं, आणि तीही भाडं मोजून. ‘चले जाव’नंतरच्या काळात पुण्या-मुंबईच्या प्रेक्षकांना साम्राज्याचे विजय असे सक्तीने पाहावे लागले.

युद्धानंतर १९४६ मध्ये ही संस्था आणि हा वार्तापट दोन्ही गुंडाळले गेले. १९४८ मध्ये फिल्म्स डिव्हिजन हे सरकारी चित्रपट खातं आलं आणि खेळाआधी सरकारी वार्तापट दाखवायची सक्ती स्वतंत्र भारताने पुढे कित्येक वर्षं चालू ठेवली.