डोलकाठी व दोरखंड (खानदेश)

लाकडी नावेवर शीड पेलणारा उभा खांब म्हणजे डोलकाठी. तिला ताणून धरणारे आणि शीड चढवणारे-वळवणारे दोर मिळून तिचा साज पुरा होतो. खानदेशाला समुद्र नाही, आणि खडकाळ पात्राची तापीही मुखाजवळचा भाग सोडल्यास जहाजांच्या उपयोगाची नाही. तरी सातपुड्याचा व नवापूरकडचा साग, शेतातली अंबाडी आणि अजिंठ्याचे एक चित्र यांमुळे या प्रदेशाची दखल घ्यावी लागते.

डोलकाठीसाठी सरळ वाढलेले, कमी गाठींचे खोड निवडतात. साल उतरवून ते सावलीत सावकाश वाळवतात. उन्हात ते तडकते. तासणीने आधी चौकोनी, मग कडा उडवून आठ व सोळा पैलू पाडतात, शेवटी रंध्याने गोल करतात. त्यामुळे गाभा मधोमध राहतो व शेंड्याकडचा निमुळतेपणा सर्व बाजूंनी सारखा येतो. बुडाशी काढलेली कूस, म्हणजे खुंटीसारखे टोक, नावेच्या तळातील खाचेत बसते.

अंबाडीचा वाख, म्हणजे सालीचे तंतू, पिळून सूत, सुतांना उलटा पीळ देऊन पेड आणि तीन पेड पुन्हा उलटे वळून दोर होतो. पीळ एकमेकांना अडवतात, म्हणून तो उलगडत नाही. खाऱ्या पाण्यात काथ्या अधिक टिकतो; अंबाडी व ताग ओलीने कुजतात, त्यांना डांबर लावावे लागते. नवा दोर आधी ताणून घेतात, नाहीतर पुढे तो सैल पडून डोलकाठी हलू लागते.

खानदेशच्या दक्षिण सीमेवरील अजिंठा येथे लेणे क्र. २ मधील पूर्ण-अवदानाच्या (पूर्ण या व्यापाऱ्याच्या बौद्ध कथेच्या) चित्रात तीन डोलकाठ्यांचे जहाज आहे. शिडे उंच, अरुंद व आयताकृती असून सुकाणू वल्ह्यासारखे आहे. जुन्या ग्रंथांत त्याचा काळ इ. स. ५२५ च्या सुमाराचा दिलेला आढळतो. पुढील अभ्यासकांपैकी काहींनी ही लेणी वाकाटक राजा हरिषेण याच्या काळातील, म्हणजे पाचव्या शतकाच्या उत्तरार्धातील मानली असून ते मत अधिक ग्राह्य दिसते. जहाज देशी बांधणीचे की परदेशी, हा वाद आहे. सातवाहनांच्या शिशाच्या नाण्यांवर दोन डोलकाठ्यांचे जहाज असल्याने अनेक डोलकाठ्यांची रीत येथे आधीपासून परिचित असावी. पश्चिम किनाऱ्यावर पुढे रूढ झालेले तिरप्या परबाणाचे (शीड बांधायच्या आडव्या काठीचे) शीड मात्र या चित्रात नाही. चित्रकाराने डोलकाठ्यांची संख्या बरोबर टिपली असे धरता येते. दोरांच्या मांडणीबाबत त्या चित्रावर भिस्त ठेवू नये.

नर्मदाकाठी, अक्राणी व अक्कलकुवा तालुक्यांत, सरदार सरोवराच्या फुगवट्यावर आज इंजिनाच्या बोटी चालतात.