राघूवर बंदूक चालवायचा परवाना

दिवाळी सरली की आमच्या आर्वीकडच्या गावात ज्वारी दुधावर येते आणि उजाडायच्या आत राघूंचे थवे उतरतात. पूर्वी शिवारभर ज्वारी असायची, तेव्हा पाखरांचा वाटा सगळ्यांच्या वावरांत थोडाथोडा जायचा. आता कपाशी, सोयाबीन आणि तुरीच्या मधोमध आमच्या काकांची दीड एकर ज्वारी एकटीच उभी असते, म्हणून पंचक्रोशीतलं पाखरू तिच्यावरच येतं. राघू कणसाला लटकून चार दाणे फोडतो आणि आठ खाली सांडतो. ‘‘पाखराचं पोट भरते बापा, नखरा नाही भरत,’’ असं म्हणत काका माळ्यावरून गोफण फिरवतात. मागच्या हंगामात त्यांनी मला सरळच विचारलं, ‘‘तू कायदा-गियदा वाचतं न? याइच्यावर बंदूक चालवाचा परवाना भेटते का?’’

कागदावर मिळू शकतो. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कलम ११ मध्ये उभ्या पिकाचा उल्लेख आहे. अनुसूची दोनमधला, म्हणजे कायद्याला जोडलेल्या दुसऱ्या यादीतला, प्राणी पिकाला धोकादायक झाल्याची मुख्य वन्यजीव रक्षकाची खात्री पटली, तर तो शिकारीची परवानगी देऊ शकतो. पण आदेश लेखी हवा, त्यात कारणं हवीत आणि क्षेत्रही ठरवून दिलेलं हवं. राघू याच अनुसूचीत आहे. मोर मात्र पहिल्या अनुसूचीत, म्हणजे पिकाचं नुकसान हे त्याला मारायचं कारणच होऊ शकत नाही. कावळ्याची गंमत निराळीच. पिंडाला तो शिवेना म्हणून आपण ताटकळत बसायचो आणि कायदा त्याला उंदरा-घुशींच्या पंगतीत, ‘उपद्रवी’ म्हणून अनुसूची पाचमध्ये बसवायचा. २०२२च्या दुरुस्तीने ती अनुसूचीच गेली. ही दुरुस्ती १ एप्रिल २०२३पासून लागू झाली.

‘कारणं लेखी द्या’ ही अट कारकुनी वाटते. तिच्यात किती दम असतो ते इंग्लंडात २०१९ साली दिसलं. तिथे काही पक्ष्यांसाठी ‘सर्वसाधारण परवाने’ असत. अर्ज नाही, नाव नाही, तपासणी नाही. अटी पाळल्या की कुणीही शेतकरी कावळा, मॅगपाय, रानकबुतर असे १६ जातींचे पक्षी मारू शकत असे. क्रिस पॅकहॅम, मार्क एव्हरी आणि रूथ टिंगे यांच्या ‘वाइल्ड जस्टिस’ या संस्थेने त्याला कायदेशीर आव्हान दिलं. पक्षी मारणं चूक की बरोबर, या वादात ते शिरलेच नाहीत. त्यांनी तिथल्या १९८१च्या कायद्यातल्या एका वाक्यावर बोट ठेवलं. दुसरा समाधानकारक उपाय नाही अशी खात्री पटल्याखेरीज परवाना देऊ नये, असं ते वाक्य. ही खात्री परवाना देणाऱ्याची हवी. ‘नॅचरल इंग्लंड’ या सरकारी संस्थेने ती जबाबदारी बंदूक धरणाऱ्यावर ढकलली होती. निकालाची वाट न पाहता संस्थेने चूक मान्य केली आणि २५ एप्रिलला तीन परवाने रद्द केले.

ते दिवस मेंढ्यांच्या विण्याचे. कावळे नवजात कोकरांचे डोळे टोचतात, त्यामुळे शेतकरी भडकले. पॅकहॅम यांच्या घराच्या फाटकाला कुणीतरी मेलेले कावळे टांगले. मंत्र्यांनी विषय स्वतःच्या खात्याकडे घेतला आणि जूनमध्ये नवे परवाने निघाले. वेल्समधला असाच खटला मात्र ‘वाइल्ड जस्टिस’ २०२१ साली हरली. मला यात कोण जिंकलं यापेक्षा ‘दुसरा उपाय आहे का’ हा प्रश्न मोलाचा वाटतो. वरून तो वकिली दिसतो, पण त्याचं उत्तर वावरात जाऊन मोजावं लागतं.

ते मोजण्याचं काम रॉन मर्टन या संशोधकाने केंब्रिजशायरमध्ये रानकबुतरांवर अनेक वर्षं केलं. हिवाळ्यात कबुतरं मारली, तरी वसंतात उरणारी संख्या त्यामुळे फारशी घटत नव्हती. कारण साधं आहे. हिवाळ्यात त्यांचा चारा, म्हणजे क्लोव्हरची पानं, ठरावीकच. समजा, हजार कबुतरं आहेत आणि चारा सहाशेंना पुरेल एवढा. तीनशे गोळीने मेली, तर त्यांचा वाटा उरलेल्यांना मिळतो आणि उपासमारीने शंभरच मरतात. मारली नसती तर चारशे उपाशी मेली असती. वसंतात दोन्हीकडे सहाशेच! काडतुसांचा खर्च तेवढा जास्तीचा.

राघूचं गणित हुबेहूब असंच असेल असं नाही, पण एक गोष्ट आमच्या शिवारात रोज दिसते. राघू रात्री शेकड्यांनी एकाच झाडावर मुक्काम करतात आणि सकाळी चहूकडे पांगतात. दहा मारले, तर त्या रिकाम्या कणसांवर उद्या दुसरे दहा येतील. चंदेरी-लाल चकाकती फीत बांधली की सुरुवातीला पाखरं बिचकतात, मग सरावतात. बुजगावण्याच्या डोक्यावर साळुंकी बसलेली कुणी पाहिली नाही? गोफण अजून टिकून आहे, कारण तिचा धोंडा कधी आणि कुठून येईल याचा पाखराला अंदाज लागत नाही. तिची खरी अडचण माणूस आहे. दोन-तीन आठवडे पहाटेपासून माळ्यावर बसणारं आता घरात उरलं कोण?

हे सगळं मी काकांना सांगितलं. परवान्याच्या कागदात ‘दुसरे उपाय करून पाहिले’ असं खरंखुरं लिहिता यायला हवं, हेही सांगितलं. ते बराच वेळ धुऱ्याकडे पाहत राहिले. ‘‘म्हणजे एकट्याची ज्वारी हाच रोग आहे म्हण न,’’ म्हणाले.

यंदा त्यांनी पलीकडच्या धुऱ्याच्या दोघांना गळ घातली. तिघांची मिळून पाच एकर ज्वारी एकाच आठवड्यात पेरली आहे. माळा एकच, जागलीची पाळी वाटून. मला रविवारची सकाळ आली आहे.