शेपूट हलतंय म्हणजे कुत्रा खूशच आहे असं नसतं हो

"घाबरू नकोस, शेपूट हलवतोय ना, काही करणार नाही" हे लहानपणापासून ऐकत आलोय आपण आणि ते अर्धवटच खरं आहे. शेपूट हलणं म्हणजे कुत्र्याला काहीतरी जोरात वाटतंय एवढंच, आनंद की टेन्शन ते बाकीचं अंग बघून कळतं. शेपूट सैल, कंबरेसकट सगळा मागचा भाग डुलतोय, तर तो खरंच "या या" म्हणतोय. पण शेपूट काठीसारखं वर ताठ, नुसतं टोक भरभर थरथरतंय, अंग कडक, तोंड घट्ट मिटलेलं आणि नजर तुमच्यावर रोखलेली, तर बाबांनो तिथेच थांबा.

२००७ मध्ये इटलीतल्या संशोधकांनी ३० कुत्र्यांवर प्रयोग केला, मालक दिसला की शेपूट कुत्र्याच्या उजवीकडे जास्त जायचं आणि अनोळखी दांडगा कुत्रा दिसला की डावीकडे (आता हे मोजत उभे राहू नका प्लीज).

आणि डोक्यावर हात ठेवायची घाई नको, वरून येणारा हात बऱ्याच कुत्र्यांना आवडत नाही. जरा तिरकं उभं राहायचं, त्याला येऊन हुंगू द्यायचं, आला तर छातीपाशी खाजवा, नाही आला तर सोडून द्या.