राजसत्ताविरोधी लोकक्रांती

वंशपरंपरेने चालत आलेली राजाची सत्ता व्यापक लोकसहभागाच्या उठावाने संपुष्टात आणणाऱ्या, किंवा तिला कायमच्या घटनात्मक मर्यादा घालणाऱ्या स्थित्यंतरास राजसत्ताविरोधी लोकक्रांती म्हणतात. वारसायुद्धे, दरबारी कट आणि राजघराणे बदलणारी बंडे यांचा तीत समावेश होत नाही, कारण त्यांत राजा बदलतो, पण राजपदाचा आधार बदलत नाही. ईजिप्त (१९५२), इराक (१९५८) व लिबिया (१९६९) येथील राजवटी लष्करी अधिकाऱ्यांनी उलथविल्या. तेथे लोक रस्त्यावर आले ते लष्करी उठाव झाल्यानंतर, म्हणून त्या घटना येथे विचारात घेतलेल्या नाहीत.

संज्ञा : मराठीत फ्रान्समधील १७८९ च्या घटनेस ‘राज्यक्रांती’ म्हणण्याचा प्रघात आहे आणि तो ‘क्रांती’ या मोघम शब्दापेक्षा नेमका आहे. ‘क्रम्’ म्हणजे पाऊल टाकणे, ओलांडणे या धातूपासून आलेला ‘क्रांती’ हा शब्द मुळात ज्योतिषशास्त्रातला. विषुववृत्तापासून सूर्याचे उत्तर-दक्षिण अंतर म्हणजे क्रांती, त्याचा भासमान मार्ग म्हणजे क्रांतिवृत्त. योगायोगाची गोष्ट अशी, की ‘रेव्होल्यूशन’ या शब्दाचा प्रवासही आकाशातूनच झाला. कोपर्निकसच्या १५४३ मधील ग्रंथाच्या शीर्षकात तो खगोलांच्या परिभ्रमणासाठी आला आहे. राजकारणात तो प्रथम ‘फिरून मूळ स्थानी येणे’ अशा अर्थाने रुळला, असे काही अभ्यासक मानतात आणि त्यासाठी यादवी युद्धानंतर रद्द झालेले राजपद १६६० मध्ये इंग्लंडात परत आले त्या प्रसंगाचा दाखला देतात. पूर्वीचे मोडून सर्वस्वी नवे उभारणे हा आजचा अर्थ बहुधा १७८९ नंतरच पक्का झाला असावा. इंग्लंडमधील १६८८–८९ च्या सत्तांतरास (दुसऱ्या जेम्सच्या जागी विल्यम व मेरी गादीवर आले) ‘रक्तहीन क्रांती’ म्हणतात, तेही जपूनच घ्यावे लागते. आयर्लंडात त्याच सत्तांतरापायी १६९० मध्ये बॉइनची लढाई झाली.

कारणे : दारिद्र्य हे कारण सर्वत्र सांगितले जाते, परंतु दारिद्र्य जुने आणि क्रांती विरळा, ही अडचण त्याने सुटत नाही. १७८८ च्या जुलैमधील गारपिटीने फ्रान्समधील पीक बुडाले आणि पुढील उन्हाळ्यात पाव महागला, हे खरे. मात्र त्याआधीच्या दुष्काळांत राजसत्ता शाबूत राहिली होती. या वेळी फरक तिजोरीत होता. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धास केलेल्या मदतीने कर्ज वाढले आणि १७८८ च्या सुमारास राज्याचा जवळजवळ निम्मा खर्च कर्ज व व्याज यांवर होऊ लागला. सरदार व धर्मसंस्था यांना करांत असलेली सूट काढून घेण्याचा १७८७ मधील प्रयत्न फसल्यावर राजा सोळाव्या लुईला १६१४ नंतर प्रथमच तीन वर्गांची (धर्मगुरू, सरदार व उरलेले सामान्य जन) सभा बोलवावी लागली. ती ५ मे १७८९ रोजी व्हर्सायला भरली आणि १७ जून रोजी तिसऱ्या वर्गाच्या प्रतिनिधींनी स्वतःस राष्ट्रीय सभा म्हणून घोषित केले. इंग्लंडातील पहिल्या चार्ल्सची गोष्ट फारशी वेगळी नाही. ११ वर्षे पार्लमेंटविना राज्य केल्यावर स्कॉटलंडशी झालेल्या युद्धाच्या खर्चापायी त्याला १६४० मध्ये पार्लमेंट बोलवावे लागले, आणि १६४२ मध्ये यादवी युद्ध पेटले. दोन्ही ठिकाणी राजाने पैशासाठी दार उघडले आणि त्या दारातून राजाच्या अधिकाराचाच प्रश्न आत आला.

या कारणमीमांसेवर मतभेद मोठे आहेत. फ्रेंच विचारवंत तॉकव्हिलने १८५६ मध्ये असे मांडले, की वाईट राजवटीला सर्वांत मोठा धोका ती सुधारू लागते तेव्हा असतो. जाच कमी झाला की उरलेला जाच अधिक बोचतो. लफेव्हर आदी मार्क्सवादी परंपरेतील इतिहासकारांनी उदयोन्मुख मध्यमवर्ग व सरंजामदार यांच्या संघर्षावर भर दिला. १९५० च्या दशकापासून ब्रिटिश इतिहासकार कॉबन यांनी या चित्रास आक्षेप घेतला : क्रांतीच्या पुढाऱ्यांत कारखानदार-व्यापारी थोडे आणि वकील व सरकारी पदाधिकारीच बहुसंख्य होते. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ स्कॉचपोल यांनी १९७९ मध्ये फ्रान्स, रशिया व चीन यांची तुलना करून आंतरराष्ट्रीय स्पर्धेच्या ताणाखाली राज्ययंत्रणेचा होणारा मोड आणि शेतकऱ्यांचे उठाव यांचा संयोग निर्णायक ठरविला. विचारप्रसाराचे महत्त्व नाकारता येत नसले, तरी उठाव नेमका कधी होतो याचा उलगडा राज्ययंत्रणेच्या दुर्बलतेवरून अधिक चांगला होतो, असे दिसते.

त्यात सैन्याची निष्ठा निर्णायक असते. १९०५ मध्ये रशियात व्यापक संप व उठाव होऊनही सैन्याचा मोठा भाग झारच्या बाजूने राहिला आणि राजसत्ता टिकली. १९१७ मध्ये जुन्या रशियन पंचांगाप्रमाणे २३ फेब्रुवारीस (८ मार्च) तेव्हाची राजधानी पेट्रोग्राड येथील कामगार स्त्रिया भाकरीसाठी बाहेर पडल्या, चार दिवसांनी राजधानीतील शिबंदीच फिरली, आणि २ मार्चला (१५ मार्च) निकोलस दुसरा याने गादी सोडली. १६१३ पासूनचे रोमानोव्ह घराण्याचे राज्य संपायला जेमतेम आठवडा लागला. इराणमध्येही ११ फेब्रुवारी १९७९ रोजी सैन्याने तटस्थता जाहीर करताच देश सोडून गेलेल्या शाहने (इराणच्या राजाने) मागे ठेवलेले सरकार कोसळले. १८४८ मध्ये उठावापुढे पॅरिसमधून राजा पळाला, परंतु व्हिएन्ना व बर्लिन येथे सैन्य हाताशी राहिल्याने राजसत्ता तगली.

परिणाम : पहिला परिणाम बहुधा युद्ध किंवा यादवी हा असतो. फ्रान्सने एप्रिल १७९२ मध्ये ऑस्ट्रियाविरुद्ध पुकारलेल्या युद्धापासून सुरू झालेली मालिका, मधले अल्प खंड सोडता, १८१५ पर्यंत चालली आणि तिच्याच छायेत राजाचा शिरच्छेद (२१ जानेवारी १७९३) व दहशतीचे राज्य (१७९३–९४ मधील सामूहिक देहदंडांचा काळ) घडले. सामाजिक परिणाम अधिक टिकाऊ ठरले. ४ ऑगस्ट १७८९ च्या रात्री सरंजामी हक्क रद्द केल्याचे जाहीर झाले, तरी त्यांतील अनेक देणी मोबदला देऊनच सुटणार होती. मोबदल्याविना ती जुलै १७९३ मध्ये गेली. चर्चच्या जमिनी २ नोव्हेंबर १७८९ रोजी राष्ट्राच्या ताब्यात आल्या व पुढे विकल्या गेल्या. १८१४ मध्ये फ्रान्सच्या गादीवर राजे परतल्यावरही त्या मूळ धन्यांना मिळाल्या नाहीत.

सत्ता मात्र क्वचितच सैल झाली. राजापेक्षा बळकट राज्ययंत्रणा मागे राहते, हे तॉकव्हिलचे दुसरे निरीक्षण येथे लागू पडते. इंग्लंडात १६८९ नंतर कर पार्लमेंटच्या हाती गेले, सावकारांचा भरवसा वाढला, १६९४ मध्ये बँक ऑफ इंग्लंड स्थापन झाली, आणि मर्यादित अधिकारांचा राजा पूर्वीच्या राजांहून अधिक कर्ज उभारू शकला. जेथे सत्ता स्वीकारण्यास मान्यताप्राप्त संस्था नव्हती तेथे ती संघटित पक्ष, धर्मगुरू किंवा सेनानी यांच्याकडे गेली. रशियाची संविधान सभा जानेवारी १९१८ मध्ये एकाच बैठकीनंतर बंद पाडण्यात आली. चीनमध्ये १९१२ मध्ये बाल सम्राट पायउतार झाला, तर १९१५ अखेर अध्यक्ष युआन शिकाई याने स्वतःस सम्राट म्हणविले आणि तीनेक महिन्यांत ते मागे घेतले. पोर्तुगालचे १९१० चे प्रजासत्ताक १९२६ मधील लष्करी उठावाने संपले.

नेपाळमधील क्रम निराळा आहे. १ फेब्रुवारी २००५ रोजी राजाने सत्ता हाती घेतल्यावर संसदीय पक्ष व माओवादी एकत्र आले, एप्रिल २००६ च्या जनआंदोलनाने विसर्जित संसद पुन्हा बसविली आणि २८ मे २००८ रोजी निर्वाचित संविधान सभेने सुमारे २४० वर्षांची राजसत्ता ५६० विरुद्ध ४ मतांनी रद्द केली. ही सभा संविधान न करताच २०१२ मध्ये विसर्जित झाली. ते दुसऱ्या सभेने तयार केले व २० सप्टेंबर २०१५ रोजी लागू झाले.