पुण्याची सकाळ नेमकी किती वाजता होते?

गेल्या नोव्हेंबरात आम्ही घरचे राजगडाला गेलो होतो. आदल्या संध्याकाळी पायथ्याला, गुंजवण्यात मुक्काम केला. पिठलं-भाकरी खाल्ली, ओसरीवर सतरंज्या अंथरल्या आणि साडेनऊला सगळे गाढ झोपले. सकाळी मला जाग आली तेव्हा समोरच्या डोंगराची कड नुकती उजळायला लागली होती, चुलीचा धूर नाकाशी येत होता आणि फोनचा गजर व्हायला अजून वेळ होता. माझी नववीतली मुलगी घरी चार हाका मारल्याशिवाय उठत नाही. त्या दिवशी ती माझ्याआधी उठून अंगणात दात घासत उभी होती.

कर्वेनगरच्या आमच्या घरात असं का होत नाही, हा प्रश्न तेव्हापासून डोक्यात बसला. डोंगरची हवा, गड चढायची उत्सुकता, हे सगळं आहेच. पण शरीरशास्त्राचं उत्तर त्याहून सरळ आहे, आणि शहरात राहूनही त्याचा उपयोग करून घेता येतो.

अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठाच्या केनेथ राइट यांनी आठ जणांना आठवडाभर रॉकी पर्वतात तंबूत राहायला नेलं होतं. उजेड सूर्याचा आणि रात्री शेकोटीचा, एवढाच. बॅटरी नाही, मोबाइल नाही. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेला त्याचा निष्कर्ष असा की, आठवडाभरात त्यांच्या शरीरातलं घड्याळ जवळजवळ दोन तास अलीकडे आलं, म्हणजे शरीराची रात्र आणि सकाळ तेवढी लवकर व्हायला लागली. ज्यांना रात्री जागायची सवय होती, त्यांचं घड्याळ जास्त सरकलं. लवकर उठायचा संकल्प कुणीच केला नव्हता. उजेड बदलला, तेवढं पुरलं.

हे घड्याळ म्हणजे अलंकारिक बोलणं नव्हे, ती खरोखरची वस्तू आहे. दोन्ही डोळ्यांच्या नसा मेंदूच्या तळाशी जिथे एकमेकींना ओलांडतात, त्याच्या जरासं वर सुमारे २०,००० पेशींचा, तांदळाच्या दाण्यापेक्षाही लहान असा पुंजका असतो. झोप, जाग, शरीराचं तापमान, पहाटे वाढणारं, जागं व्हायला मदत करणारं कॉर्टिसॉल हे संप्रेरक, रात्री पाझरणारं, झोपेची वेळ झाल्याचं सांगणारं मेलाटोनिन, या सगळ्यांचा ताल तिथून सांभाळला जातो. सजीवांच्या आत असं घड्याळ असतं, याची पहिली चाहूल लागली ती लाजाळूमुळे. १७२९ मध्ये द मेरां या फ्रेंच शास्त्रज्ञाने लाजाळूचं रोप अंधारात ठेवलं, तरी त्याची पानं दिवसा उघडत आणि रात्री मिटत राहिली. आपल्याकडे मदुराई कामराज विद्यापीठात एम. के. चंद्रशेखरन यांनी हाच प्रश्न गुहेतल्या वटवाघळांना विचारला, आणि पुढे बाहेरच्या जगाचा पत्ता लागू न देणाऱ्या खोलीत माणसांना ठेवून माणसांनाही. पेशीच्या आत हे घड्याळ कसं चालतं ते फळमाश्यांवर शोधून काढणाऱ्या हॉल, रॉसबॅश आणि यंग यांना २०१७ चं नोबेल मिळालं.

पण या घड्याळात एक गोम आहे. ते २४ तासांचं नाही. बाहेरचा काहीच इशारा मिळाला नाही, तर बहुतेकांचं घड्याळ २४ तासांपेक्षा जरा जास्त, सरासरी दहाएक मिनिटं जास्त घेतं. म्हणजे ते रोज कुणीतरी जुळवून द्यायला लागतं. हे काम सकाळचा उजेड करतो.

कसा करतो, हे कळायला विसावं शतक संपावं लागलं. डोळ्यात पाहण्यासाठीच्या पेशी असतात, हे जुनंच ज्ञान. पण १९९८ मध्ये बेडकाच्या कातडीत मेलानॉप्सिन नावाचं एक प्रकाशाला प्रतिसाद देणारं प्रथिन सापडलं. नंतर कळलं की तेच आपल्या डोळ्याच्या पडद्यावरच्या काही मोजक्या पेशींतही आहे. या पेशींना आकृत्या दिसत नाहीत. बाहेर किती उजेड आहे, एवढंच त्या मोजतात आणि थेट त्या घड्याळाला कळवतात. निळसर उजेडाला त्या जास्त जागतात, आणि त्यांचं काम संथ असतं. त्या उजेड साठवत जातात. म्हणून खिडकीतून एकदा डोकावून भागत नाही, उजेडात काही वेळ राहावं लागतं.

किती उजेड? मी फोनवर उजेड मोजायचं ॲप घेतलं आणि एका सकाळी सव्वासातला घरभर फिरले. फोनचा मापक काही प्रयोगशाळेतला नव्हे, पण अंदाज येतो. ओट्यापाशी, ट्यूब लावलेली असताना, १४० लक्स (उजेड मोजायचं एकक). बैठकीत ९०. आमचं घर पहिल्या मजल्यावर, दोन्ही बाजूंना इमारती, त्यामुळे गॅलरीत जेमतेम ९००. मग चपला घालून खाली उतरले आणि सोसायटीच्या फाटकाबाहेर मोकळ्यात उभी राहिले. ऊन अजून रस्त्यावर आलेलं नव्हतं, तरी आकडा ६,००० च्या वर गेला. फाटक ते ओटा हे अंतर पन्नास पावलं असेल. माझे डोळे लगेच सरावतात, म्हणून मला दोन्हीकडे ‘उजेडच’ वाटत होता. शरीरातल्या घड्याळाच्या हिशोबाने मात्र मी ओट्यापाशी अजून पहाटेतच होते. तिथेच उभी राहून मी रोज दोन तास काढत होते, आणि अकराला डोकं जड का होतं म्हणून चहा टाकत होते.

लवकर उठण्याचा हट्ट धरणाऱ्यांची मला काळजी वाटते, कारण वेळ चुकली तर हाच उजेड उलटा पडतो. माझा भाचा एमपीएससीचा अभ्यास करायला पुण्यात आला. सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहायचा. खोलीवर एकपर्यंत दिवा चालू, आणि कुणी तरी सांगितलं म्हणून चारचा गजर. उठून लख्ख दिव्यांच्या अभ्यासिकेत. महिन्याभराने म्हणाला, “मावशी, चारला उठतो, तरी डोक्यात काही शिरत नाही. आणि रात्री झोपही येत नाही.”

त्याला रात्री झोप का येत नव्हती, हे समजून घेण्यासारखं आहे. आपल्या शरीराचं तापमान पहाटे, नेहमीच्या उठण्याच्या वेळेच्या दोन-तीन तास आधी, सर्वांत खाली येतं. त्यानंतर डोळ्यांवर पडणारा उजेड घड्याळ अलीकडे ओढतो, म्हणजे त्या रात्री झोप लवकर येते. त्याच्या आधी पडणारा उजेड मात्र घड्याळ पुढे ढकलतो, कारण शरीराला ती लांबलेली संध्याकाळ वाटते. एकला झोपून आठला उठण्याची सवय असलेल्याचा तो तळ साडेपाचच्या आसपास येतो. असा माणूस चारला उठून लख्ख दिव्याखाली बसला, तर तो स्वतःचं घड्याळ आणखी उशिरावर नेऊन ठेवतो. वर तीन तासांची झोप. बहुतेक प्रौढांना सात तास तरी लागतात, त्यात संकल्पाने काटछाट होत नाही.

त्याने चारचा नाद सोडला. आधी साडेसात, मग चार-पाच दिवसांनी सव्वासात, असं करत सहावर आला, आणि उठल्यावर पहिलं काम म्हणून सारसबागेपर्यंत चालत जायला लागला. रात्री अकराला आपोआप डोळे मिटतात, म्हणतो.

ब्राह्ममुहूर्ताचं काय, असं कुणी विचारेल. परंपरेतली ती वेळ सूर्योदयाच्या दोन मुहूर्त, म्हणजे ९६ मिनिटं आधी सुरू होते. ती सूर्याला बांधलेली आहे, गजराच्या आकड्याला नाही. पुण्यात जूनमध्ये सूर्य सहाच्या सुमाराला उगवतो, तेव्हा ती येते चार-वीसच्या आसपास. जानेवारीत सूर्योदय सात-दहाला, मग तीच वेळ साडेपाचच्या पुढे जाते. आणि ती पाळणारी माणसं दिवेलागणीनंतर जेवून लवकर झोपायची, हे विसरून चालत नाही.

सूर्याचा आणि भिंतीवरच्या घड्याळाचा हा वाद पुण्यात जरा जास्तच आहे. भारतीय प्रमाणवेळ साडेब्याऐंशी अंश रेखांशाची, मिर्झापूरजवळून जाणारी. पुणे त्र्याहत्तर अंशांच्या पुढे, चौऱ्याहत्तरच्या थोडं अलीकडे. एका अंशाला चार मिनिटं धरली, तर पुण्याचा सूर्य घड्याळाच्या पस्तीसेक मिनिटं मागे चालतो. डोक्यावर तो बाराला नाही, साडेबाराच्या पुढे-मागे येतो. कोलकात्यात तो आपल्यापेक्षा साधारण तासभर आधी उगवतो, पण दोन्हीकडच्या कचेऱ्यांना वेळ एकच. १९०६ मध्ये ही प्रमाणवेळ आली, तरी मुंबईत तिच्या ३९ मिनिटं मागे असलेला ‘बॉम्बे टाइम’ १९५५ पर्यंत टिकून होता. तो नुसता हट्ट होता असं मला आता वाटत नाही.

याचा खरा भार मुलांवर पडतो. माझ्या मुलीची शाळा सातची. रिक्षाकाका सहा-पंचवीसला खाली हॉर्न देतात. जानेवारीत ती दप्तर घेऊन उतरते तेव्हा रस्त्यावरचे दिवे चालू असतात आणि सूर्य उगवायला पाऊण तास असतो. सूर्याच्या हिशोबाने तेव्हा सहासुद्धा वाजलेले नसतात. आणि तिचं वय असं की घड्याळ निसर्गतःच उशिराकडे सरकतं. वयात येताना मेलाटोनिन रात्री उशिरा वाढायला लागतं आणि हे सरकणं विशीच्या आसपासपर्यंत चालू राहतं. ‘लवकर झोप’ असं मी तिला रोज ओरडायची. दहाला अंथरुणावर पडून ती साडेअकरापर्यंत टक्क जागी असायची, तो आळस नव्हता. या वयाला आठ ते दहा तास झोप लागते. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१४ मध्येच म्हटलं होतं की, या वयाच्या मुलांची शाळा साडेआठच्या आधी भरू नये. महाराष्ट्र सरकारने फेब्रुवारी २०२४ मध्ये शाळा नऊनंतर भरवायचा निर्णय घेतला, तो चौथीपर्यंतच्या मुलांसाठी. चांगला निर्णय होता. पण ज्यांचं शरीरच सकाळी उशिरा जागं होतं, ती आठवी-नववी-दहावीची मुलं त्यातून राहिली. पालकसभेत मी हा विषय मांडला, तेव्हा दुपारचे क्लास कधी घ्यायचे, असा प्रश्न आला. क्लाससाठी झोप कापायची, हे मला मान्य नाही आणि मी तो विषय पुन्हा काढणार आहे. तोवर आम्ही घरी दोन गोष्टी केल्या. नऊनंतर बैठकीतला पांढरा दिवा बंद, पिवळा चालू. आणि रविवारी तिला साडेआठपर्यंत झोपू द्यायचं, पण अकरापर्यंत नाही. रविवारी अकराला उठलं की सोमवारची सकाळ दूरच्या देशातून विमानाने परतल्यासारखी जाते.

चहाबद्दल थोडक्यात. दिवसभर जागं राहताना मेंदूत ॲडेनोसिन नावाचं रसायन साठत जातं आणि झोपेची ओढ वाढवतं. चहातलं कॅफिन त्याच्या जागा अडवून बसतं. सकाळचा कप सोडायची गरज मला दिसत नाही. अडचण आहे ती संध्याकाळी सहाच्या अमृततुल्यची. अर्धं कॅफिन निघून जायला अनेकांना पाचेक तास लागतात, म्हणजे रात्री अकराला अर्ध्या कपाचं कॅफिन अजून अंगात. न्याहारीच्या वेळेचंही असंच: यकृताची स्वतःची घड्याळं खाण्याच्या वेळेवर जुळतात. पोहे असोत की शिळी फोडणीची पोळी, रोज साधारण एका वेळेला खावी.

राहिला प्रश्न बाहेर पडण्याचा, आणि इथेच बहुतेकांचं घोडं अडतं. वेताळ टेकडी, तळजाई, हनुमान टेकडी पहाटे माणसांनी फुललेली असते, त्यांचं कौतुकच आहे. पण ज्या घरात सातच्या आत तीन डबे भरायचे असतात, तिथली बाई टेकडीवर कधी जाणार? मी दोनदा ठरवलं, दोनदा मोडलं.

मग दूधवाल्याला सांगितलं की पिशव्या दाराला अडकवू नका. आता मी रोज मुलगी गेल्यावर चौकातल्या डेअरीपर्यंत चालत जाते. जाऊन-येऊन पंचवीस मिनिटं. वेगळा व्यायाम नाही, वेगळे कपडे नाहीत. दूध तर आणावंच लागतं, म्हणून ते चुकत नाही. सवयींबद्दल लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये ९६ जणांवर एक अभ्यास झाला होता. नवी गोष्ट अंगवळणी पडायला निम्म्या लोकांना ६६ दिवसांपर्यंत लागले. कुणाला १८ पुरले, कुणाला २५४ लागतील असा हिशोब निघाला. मधे एखादा दिवस चुकला तरी फारसं बिघडत नव्हतं. मला अडीच महिने लागले असतील. डबे भरण्याचं काम आता आम्ही दोघं वाटून घेतो, नाहीतर ही पंचवीस मिनिटं निघालीच नसती.

हिंजवडीत रात्रपाळी करणाऱ्यांनी मात्र यातलं बरंच उलटं करावं. पाळी संपवून घरी परतताना गडद गॉगल, झोपायच्या खोलीला जाड पडदे, आणि पाळी सुरू होण्याआधी भरपूर उजेड. सकाळचं ऊन त्यांच्या झोपेचं वैरी असतं.

शेजारच्या काकूंनी परवा विचारलं, “पावसाळ्यात काय करशील गं?” मागच्या जुलैत, आभाळ गच्च असताना, छत्रीखालून मी मोजून पाहिलं होतं. २,८०० लक्स. ओट्यावरच्या ट्यूबच्या वीसपट. दुधाच्या पिशव्या भिजतात, एवढंच.