शिकारीचे कंपाऊंड धनुष्य आणि स्पर्धेचे कंपाऊंड धनुष्य

ऑगस्ट 2023 मध्ये बर्लिन येथील जागतिक तिरंदाजी अजिंक्यपद स्पर्धेत साताऱ्याची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे यांनी कंपाऊंड प्रकाराची वैयक्तिक सुवर्णपदके जिंकली आणि या धनुष्याकडे महाराष्ट्राचे लक्ष गेले. ओजसने अंतिम लढतीत 150 पैकी 150 गुण मिळवले होते. पुढे 2028 च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये कंपाऊंडच्या मिश्र सांघिक प्रकाराला स्थान मिळाले. मात्र मुलासाठी किंवा स्वतःसाठी कंपाऊंड धनुष्य घ्यावे म्हणून कोणी चौकशी सुरू केली, की समोर येणारी बहुतेक धनुष्ये स्पर्धेची नसून शिकारीची असतात, कारण या धनुष्याची सर्वांत मोठी बाजारपेठ अमेरिकेतील हरणांच्या शिकाऱ्यांची आहे. हॉइट, मॅथ्यूज, पीएसई या कंपन्या दोन्ही प्रकारची धनुष्ये बनवतात. दोन्हींवर कॅम (टोकांची चाके) आणि केबल (त्यांना जोडणाऱ्या तारा) सारखेच दिसतात, त्यामुळे छायाचित्र पाहून नवख्याला फरक कळणे कठीण असते.

मुळात हे धनुष्य शिकारीसाठीच जन्माला आले. अमेरिकेतील मिसुरी राज्यातील हॉलेस विल्बर अ‍ॅलन यांना त्याचे पेटंट 1969 च्या डिसेंबरात मिळाले. लिंब, म्हणजे धनुष्याच्या वरच्या-खालच्या लवचिक पट्ट्या, यांच्या टोकांना बसवलेल्या चाकांमुळे दोरी ओढताना जोर आधी चढत जातो आणि शेवटच्या टप्प्यात एकदम उतरतो. या उताराला लेट-ऑफ म्हणतात. 60 पौंडांच्या, म्हणजे ओढायला जास्तीत जास्त 60 पौंड जोर लागणाऱ्या, धनुष्याचा लेट-ऑफ 80 टक्के असेल, तर पूर्ण ओढल्यावर हातावर उरणारा भार अवघा 12 पौंडांचा असतो. स्पर्धेचे कंपाऊंड याच मुळापासून पुढे वेगळे होत गेले, आणि ते का वेगळे झाले हे समजले की निवड पुष्कळ सोपी होते.

शिकाऱ्याला बहुधा एकच बाण सोडायचा असतो. तो झाडावर बांधलेल्या मचाणावर किंवा जमिनीवरच्या छोट्या आडोशात तासन्‌तास बसलेला असतो, अंगावर जाड जाकीट असते, हात गारठलेले असतात आणि हरीण बहुधा वीस ते चाळीस यार्डांवर, तेही वाकड्या कोनात येते. स्पर्धकाचे काम याच्या अगदी उलट आहे. जागतिक नियमांप्रमाणे कंपाऊंडचे अंतर 50 मीटर असते. लक्ष्य 80 सेंटिमीटरच्या मापाचे असून त्यातील दहा गुणांचे वर्तुळ 8 सेंटिमीटर व्यासाचे असते. पात्रता फेरीत 72 बाण मारावे लागतात. पहिल्या आणि बहात्तराव्या बाणात काहीही फरक पडू नये, एवढीच त्या धनुष्याकडून अपेक्षा असते. जवळपास प्रत्येक तांत्रिक फरक या दोन कामांतून आलेला आहे.

पहिली गोष्ट पाहावी ती लांबी, म्हणजे वरच्या कॅमच्या आसापासून खालच्या कॅमच्या आसापर्यंतचे अंतर. शिकारीच्या धनुष्यात ते साधारण 28 ते 33 इंच असते, स्पर्धेच्या धनुष्यात 36 ते 40 इंच. आडोशात वळताना किंवा फांद्यांमधून नेम धरताना आखूड धनुष्य अडत नाही, हा शिकाऱ्याचा खरा फायदा आहे. परंतु आखूड धनुष्याची दोरी पूर्ण ओढल्यावर चेहऱ्याजवळ तीव्र कोन करते, त्यामुळे लांब हातांच्या तिरंदाजाला नाक दोरीला टेकवण्यासाठी मान पुढे न्यावी लागते, आणि मानेची ही सवय बहात्तर बाणांच्या फेरीत एकसारखी राहत नाही. लांब रायझरचे, म्हणजे धनुष्याच्या मुठीसह मधल्या कडक भागाचे, वस्तुमान हातापासून दूर पसरलेले असल्याने ते धनुष्य सहज डुलत नाही आणि मुठीच्या किंचित पिळाने बाण फारसा भरकटत नाही. दोरी आणि मूठ यांमधील विश्रांतीचे अंतर, ज्याला ब्रेस हाइट म्हणतात, तेही याच दृष्टीने पाहावे. शिकारीच्या धनुष्यात ते सहा ते सात इंच असते, स्पर्धेच्या धनुष्यात थोडे अधिक. हे अंतर कमी असले की दोरी बाणाला अधिक लांब ढकलते आणि वेग वाढतो, पण बाण दोरीवर जास्त काळ राहतो आणि तेवढा वेळ हाताची प्रत्येक चूक त्याच्यात उतरत राहते.

लेट-ऑफच्या बाबतीत अनेकांचा अंदाज चुकतो. जितका भार कमी तितका नेम स्थिर, असे वाटणे स्वाभाविक आहे. शिकाऱ्यासाठी ते खरेही आहे, कारण हरणाचे डोके झाडाआड गेले की दोरी ओढून ठेवायची आणि ते पुन्हा बाहेर येईपर्यंत हालचाल न करता थांबायचे, ही वेळ त्याच्यावर येते. म्हणून शिकारीच्या धनुष्यांत 80 ते 90 टक्के लेट-ऑफ असतो. स्पर्धक मात्र बहुधा 65 ते 75 टक्क्यांच्या आसपास राहतो. 60 पौंडांच्या धनुष्यावर 65 टक्के म्हणजे हातात 21 पौंड उरतात. हा ताण पाठीच्या स्नायूंना कामात ठेवतो, धनुष्याला दोन्ही बाजूंनी ताणून धरतो आणि बाण सुटताना हात ढिला पडू देत नाही. माझ्या मते दोन्ही धनुष्यांतील सर्वांत महत्त्वाचा आणि जाहिरातीत सर्वांत कमी सांगितला जाणारा फरक हाच आहे.

जाहिरातीत सांगितला जातो तो वेग. सेकंदाला 340 फूट असा आकडा छापलेला असतो, पण तो 70 पौंडांचे धनुष्य, 30 इंचांची ओढ आणि 350 ग्रेनचा (सुमारे 15 ग्रेन म्हणजे एक ग्रॅम) हलका बाण धरून मोजलेला असतो. शिकारीचा बाण प्रत्यक्षात बहुधा 400 ते 500 ग्रेनचा असतो आणि सेकंदाला 280 फुटांच्या जवळपास जातो. तीस यार्ड, म्हणजे 90 फूट, पार करायला त्याला सुमारे 0.32 सेकंद लागतात. ध्वनी तेच अंतर 0.08 सेकंदात जातो. म्हणजे दोरीचा आवाज हरणाच्या कानी बाणाच्या पाव सेकंद आधी पोहोचतो, आणि सावध हरीण तेवढ्यात खाली दबून पळायला वळू शकते. म्हणून जाणते शिकारी वेगापेक्षा शांतता आणि जड बाण पसंत करतात. स्पर्धेत आवाजाचा प्रश्नच नाही आणि अंतर ठरलेले असते, त्यामुळे वेगाचा उपयोग फार मर्यादित आहे. केवळ वेगाच्या आकड्यावर धनुष्य निवडणे दोन्ही कामांसाठी चुकीचे ठरते.

जोडण्या धनुष्याइतक्याच भिन्न असतात. शिकारीच्या साइटमध्ये, म्हणजे नेम धरण्याच्या साधनात, वीस, तीस, चाळीस यार्डांसाठी लावलेल्या तीन ते पाच चमकदार पिना असतात, आणि दोरीतील पीपचे, म्हणजे ज्यातून आरपार पाहून नेम धरतात त्या कडीचे, छिद्र मोठे ठेवतात, कारण नेम बहुधा पहाटेच्या किंवा संध्याकाळच्या अंधुक प्रकाशात धरावा लागतो. स्पर्धक भिंगाचा स्कोप, त्यातील एकच ठिपका आणि बारीक छिद्राचा पीप वापरतो. शिकाऱ्याचा स्टॅबिलायझर, म्हणजे धनुष्य स्थिर ठेवणारा पुढचा दांडा, सहा ते बारा इंचांचा असतो, तर स्पर्धकाच्या पुढच्या दांड्याची लांबी तीस इंचांच्या घरात जाते आणि शिवाय बाजूला वजने असतात. शिकाऱ्याचा रिलीज, म्हणजे दोरी धरून सोडण्याचे उपकरण, मनगटाला पट्ट्याने बांधलेला आणि तर्जनीने दाबायचा असतो, जेणेकरून मचाणावर चढताना तो हातून पडू नये. स्पर्धक हातात धरायचा रिलीज घेतो, जो अंगठ्याने किंवा पाठीच्या ताणाने सुटतो. शिकारीच्या बाणाला पात्यांचे टोक असते. ही पाती पुढच्या बाजूला पंखांसारखी वारा धरतात, म्हणून मागची पिसे मोठी लागतात आणि साध्या टोकावर केलेला नेम पुन्हा तपासावा लागतो. 50 मीटरवर बाजूच्या वाऱ्याने भरकटू नये म्हणून स्पर्धक बारीक बाण आणि छोटी पिसे पसंत करतो.

नियमांचा विचार खरेदीच्या आधी करावा. जागतिक तिरंदाजी महासंघाच्या नियमांनुसार कंपाऊंडच्या ओढीचा कमाल जोर 60 पौंड आहे, बाणाचा व्यास 9.3 मिलिमीटरपेक्षा जास्त चालत नाही आणि जागतिक स्पर्धांत कॅमोफ्लाज रंगसंगतीला मनाई आहे. अमेरिकेतील नातेवाइकाने प्रेमाने आणलेले 60 ते 70 पौंडांचे, पानाफांद्यांच्या रंगांचे धनुष्य सरावाला चालेल, मोठ्या स्पर्धेला नाही. भारतात तर 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीवर बंदी असल्याने शिकारीच्या धनुष्याचे मूळ कामच येथे उरत नाही. अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी माणसाची गोष्ट वेगळी आहे. तेथे परवाना, हंगाम आणि किमान ओढ हे राज्यागणिक ठरते. हरणासाठी अनेक राज्यांत किमान ओढ 35 ते 40 पौंड आहे, आणि 50 ते 60 पौंडांचे धनुष्य बहुतेकांना पुरते. शिवाय शरद ऋतूत शिकार आणि उरलेले वर्ष क्लबमध्ये फोमच्या प्राण्यांवर सराव असा ज्याचा बेत आहे, त्याच्यासाठी 33 ते 35 इंचांचे मधले धनुष्य समंजस तडजोड आहे. ज्या मुलामुलींना कंपाऊंड राऊंडमध्ये खेळायचे आहे, त्यांना मात्र मी ही तडजोड सुचवणार नाही. आखूड धनुष्यावर बसलेली मानेची आणि मुठीची ठेवण पुढे मोडून काढायला त्यांचा फार वेळ जातो.

प्रकार ठरल्यावर ओढीची लांबी ठरवावी, कारण कंपाऊंडमध्ये ती कॅमच ठरवतो आणि तिरंदाज आपल्या सोयीने अर्धा इंच अधिक ओढू शकत नाही. दोन्ही हात पसरून बोटांच्या टोकांमधील अंतर इंचांत मोजावे आणि अडीचने भागावे. 70 इंच आले तर सुरुवात 28 इंचांपासून करावी व प्रशिक्षकासमोर नेमके बसवून घ्यावे. वाढत्या वयाच्या मुलांसाठी ज्याचा कॅम बदलता किंवा सरकवता येतो असेच धनुष्य घ्यावे. ओढीचा जोर निवडताना बसल्या जागेवरून, धनुष्य आकाशाकडे न उचलता, दोरी सरळ मागे येते का ते पाहावे. ते जमत नसेल तर पाच पौंड कमी करावेत. बाणाचे वजन दर पौंडामागे निदान पाच ग्रेन असावे, म्हणजे 60 पौंडांवर 300 ग्रेनपेक्षा कमी नको. बाण न लावता ओढलेली दोरी तर कधीच सोडू नये. बाणात जायची सगळी शक्ती तेव्हा लिंब आणि कॅम यांच्यावर उलटते, ते तडकतात, आणि तुटलेली केबल तिरंदाजाच्या हाताला किंवा चेहऱ्याला गंभीर इजा करू शकते.